सोनटक्क्याचा शेंडा छाटू नका, फुलून गेलेला दांडा बुडातून काढा

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. तळमजल्यावरच्या घरामागे, मोरीचं पाणी जातं त्या कडेला, सासूबाईंनी लावलेलं सोनटक्क्याचं मोठं बेट आहे. दांडे डोक्यावरून उंच गेलेत आणि पावसात येण्याजाण्याच्या वाटेवर आडवे होतात. गेल्या जूनमध्ये सोसायटीच्या माळ्याने मेंदीचं कुंपण कापता कापता हेही कमरेइतकं कापून टाकलं. झाड हिरवंगार राहिलं, पण गौरीला एक फूल मिळालं नाही. यंदा माळीदादांचं म्हणणं असं की जास्वंद छाटली की जशी भरभरून फुलते तसं हेही फुलेल, फक्त अजून खाली कापायला हवं. कापावं का, कापलं तर किती, कधी, आणि उंची कमी कशी करायची? बागेतल्या इतर उंच फुलझाडांचं काय, असंही त्यांनी विचारलं आहे.

ताई, सध्या आषाढ चालू आहे. या दिवसांत हिरव्या, निरोगी दांड्याला वरून कात्री लावू देऊ नका, अगदी वीतभरसुद्धा नाही. माळीदादांचं जास्वंदीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. फक्त सोनटक्क्याला ते लागू होत नाही, आणि का होत नाही हे एकदा कळलं की पुढचं सगळं तुमचं तुम्हालाच सुचेल.

जास्वंदीच्या फांदीवर प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो. शेंडा कापला की खालचे दोन-तीन डोळे जागे होतात, नव्या फांद्या फुटतात, आणि कळ्या धरतात त्या याच नव्या फुटीवर. म्हणून जितकी फूट तितकी फुलं. शेवंतीचा शेंडा खुडतात तोही याच हिशेबाने. सोनटक्क्याच्या दांड्याला असे फुटणारे डोळे नाहीत. आपण ज्याला खोड म्हणतो ती बरीचशी पानांच्या आवरणांची एकावर एक घट्ट गुंडाळी असते आणि तिच्या आत मऊ, रसाळ गाभा. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. आलं, हळद, वेलदोडा यांचंच हे कूळ, कंद मोडून वास घेतलात तर लगेच कळेल. दांड्याच्या आत, अगदी वरच्या टोकाशी एकच वाढीचा कोंब असतो. तो एकामागून एक पानं सोडत वर जातो आणि शेवटी त्याच टोकाला फुलांचं हिरवं कणीस येतं. एका दांड्याला एकच कणीस. टोक कापलं की ते कणीस गेलं, आणि बाजूने दुसरं फुटायची सोय त्या दांड्यात नाही.

माळीदादांना समजावताना केळीचं नाव घ्या, दुसरं काही सांगावं लागणार नाही. घड उतरवला की केळ पाडतात, कारण त्या केळीला परत घड लागत नाही हे कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही. पुढचा घड येतो तो बाजूच्या मुनव्याला. सोनटक्क्याचंही तेच: फुलून झालेला दांडा निरुपयोगी, पुढची फुलं शेजारच्या धुमाऱ्याला, म्हणजे कंदातून नव्याने फुटलेल्या दांड्याला.

मागच्या वर्षी नेमकं काय झालं तेही यातून उलगडतं. जूनमध्ये जे दांडे कमरेवर आले होते तेच भाद्रपदात फुलणार होते. त्यांची टोकं गेली. पानं राहिली म्हणून झाड हिरवं दिसलं, आणि त्या पानांनी कंद पोसला एवढा त्यांचा उपयोग झाला. यंदाही कुठे टोक कापलं गेलं असेल तर असा दांडा रागाने उपटून टाकू नका. आठ-दहा दिवस नजर ठेवा. मधोमध नवं गुंडाळलेलं पान वर येताना दिसलं तर आतला कोंब वाचला आहे, कोवळ्या धुमाऱ्याची फक्त वरची पानं कापली गेलीत, तो फुलेल. मधून काहीच आलं नाही तर फुलाची आशा सोडा, पण पानं हिरवी आहेत तोवर दांडा राहू द्या.

आता खरी छाटणी. ती फुलं संपल्यावर, म्हणजे आपल्याकडे साधारण आश्विन-कार्तिकात. फुललेला दांडा ओळखायला सोपा असतो: टोकाला खवल्याखवल्यांचं कणीस असतं, आधी हिरवं, मग तपकिरी, कोरडं. एका कणसातली सगळी फुलं एकदम उमलत नाहीत. प्रत्येक खवल्याआड दोन-चार कळ्या दडलेल्या असतात आणि त्या संध्याकाळच्या सुमाराला एकेक करून बाहेर येतात, म्हणून एक कणीस दोन-तीन आठवडे चालतं. दोन दिवस फूल दिसलं नाही म्हणून घाई करू नका. खवले बोटांनी जरा दाबून बघा. आत कळीचं पांढरं टोक लागत असेल तर थांबा. सगळं पोकळ, चिपाड लागलं की दांडा कामातून गेला.

तो कापायचा जमिनीलगत, दोन बोटं ठेवून. अर्ध्यात कापलेल्या दांड्यांचे खुंट हे आळशीपणाचं लक्षण आहे असं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सांगतो. अशा उंच खुंटाच्या वाटीत पावसाचं पाणी साठतं, आतला गाभा कुजतो, कुजका वास येतो आणि किडीला आयतं घर मिळतं. शिवाय पुढच्या वर्षी धुमारे त्या वाळक्या खुंटांतून वाट काढत वाकडे येतात. धारदार विळा किंवा कोयता पुरतो, सिकेटर (छाटणीची कात्री) लागतोच असं नाही, पण धार हवी. बोथट हत्याराने दांडा चिरडतो आणि झटका कंदाला बसून शेजारचा कोंब हलतो. विळा चालवताना दुसऱ्या हाताने माती चाचपत जा. कंद जमिनीच्या अगदी वरच्या थरात असतात आणि पुढच्या फुटीचे गुलाबी टोकदार कोंब बुडाशीच असतात. पायाखाली चिरडले जातात ते जास्त करून हेच, म्हणून बेटाच्या आत पाय न ठेवता कडेने कापत या. एखादं बेट रोगट असेल तर तिथून दुसऱ्या बेटाकडे जाताना पातं स्पिरिटने पुसून घ्या. कापलेल्या जागी हळद, शेण, बोर्डो पेस्ट वगैरे काही लावायची गरज नाही. पेस्ट लाकडी फांदीच्या जखमेसाठी असते आणि हा दांडा तसाही वाळूनच जायचा आहे.

फुलं संपताच कापावं की पानं पिवळी पडेपर्यंत थांबावं, यावर बागवानांची दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. हिरवं पान कंदाला अन्न पुरवत असतं, त्यामुळे थांबलं तर कंद भरतो. लगेच कापलं तर मागून येणाऱ्या धुमाऱ्यांना उजेड आणि वारा मिळतो. मी बेट बघून ठरवतो. नवं, विरळ बेट असेल तर पिवळं पडेपर्यंत हात लावत नाही. तुमच्यासारखं जुनं, दाटलेलं असेल तर फुलून गेलेला प्रत्येक दांडा ताबडतोब काढतो, कारण तिथे अन्नाची टंचाई नसते, उजेडाची असते. पण न फुललेले हिरवे दांडे मात्र थंडीतसुद्धा ठेवायचे. कोकणात, ओलावा असलेल्या जागी, ते हिवाळाभर हिरवे राहतात आणि उशिरा का होईना एखादं कणीस देतात. नाशिक-पुण्याकडच्या थंडीत वाढ थबकते, पानांच्या कडा करपतात. विदर्भात उन्हाळ्यात सावली-पाणी नसेल तर बेट जमिनीपर्यंत वाळतंही. वाळलं म्हणजे मेलं असं समजू नका, कंद शाबूत असतो. तिथे फाल्गुनात सगळं वाळलेलं एकदम साफ करायला हरकत नाही.

पानांची टोकं तपकिरी झाली म्हणून कात्रीने टोकं कातरत बसणारी माणसं मी पाहिली आहेत. वेळ असेल तर करा, झाडाला त्याने काही मिळत नाही. टोकं जळतात ती पाण्याच्या ओढीने किंवा दुपारच्या कडक उन्हाने.

आणखी एक छाटणी आहे आणि ती फारसं कुणी करत नाही: विरळणी. ज्येष्ठात धुमारे गुडघ्याएवढे झाले की दाट बेटात बोटाएवढे बारीक, दोन जाड दांड्यांच्या मधे अडकलेले धुमारे बुडातून काढून टाकायचे. एका हाताच्या अंतरात पाच-सहा जाड दांडे राहिले की पुरे. बारीक दांडे बहुधा फुलत नाहीत, फुललेच तर कणीस करंगळीएवढं येतं. राहिलेल्यांची कणसं मात्र चांगली भरतात. तुमच्याकडे आषाढ उजाडला तरी अगदी बारके, पिवळट धुमारे अजून काढता येतील. जाडजूड दांड्यांना धक्का लावू नका.

उंचीचं काय? सोनटक्का चार ते सहा फूट होणारच, चांगल्या जमिनीत त्याहून वर जातो. त्याला कमरेएवढं ठेवायचा हट्ट असेल तर ती जागा दुसऱ्या झाडाला द्यावी हे बरं. पण तुमचे दांडे नुसते उंच नाहीत, ते लवतात, आणि ते लवणं कमी करता येतं. त्यामागे सावली, खत आणि दाटी यांतलं काही ना काही असतं, पुष्कळदा तिन्ही. भिंतीच्या आणि आंब्या-फणसाच्या सावलीत दांडा उजेडाकडे ताणला जातो, लांब आणि किडकिडीत होतो. सकाळचं चार-पाच तास ऊन मिळेल इतपत वरच्या झाडाच्या फांद्या विरळ केल्या तर पुढच्याच हंगामात फरक दिसतो. खतात युरिया किंवा ताजं शेण पडत असेल तर पानं माजतात, दांडा मऊ होतो आणि फुलं घटतात. मोरीच्या पाण्याबरोबर खरकटं, डाळ-तांदळाचं धुवण सतत जात असेल तर तेही खतच. जुनं, कुजलेलं शेणखत आणि थोडी चुलीची राख, एवढं वर्षातून दोनदा पुरेसं आहे. आणि दाटीत मधले दांडे सरळ राहिले तरी कडेचे बाहेर ढकलले जातात. तुमच्या वाटेवर आडवे होतात ते हेच.

या पावसाळ्यापुरता उपाय म्हणजे आधार. बेटाच्या चार कोपऱ्यांना बांबूच्या काठ्या रोवून कमरेच्या आणि खांद्याच्या उंचीवर सुंभ फिरवा. प्रत्येक दांडा वेगळा बांधू नका आणि सगळ्यांची केरसुणीसारखी मोळी तर मुळीच आवळू नका. मोळीत वारा खेळत नाही, पानं आतून सडतात. वाटेवर पडलेला दांडा टोकाला जाड झाला असेल, शेवटचं पान आखूड आलं असेल, तर त्यात कणीस बसलं आहे. तो हळूच उचलून सुंभाच्या आत घ्या. बुडाशी मोडलाच असेल तर कापून टाका.

खरा इलाज मात्र बेट फोडणं. तुम्ही लिहिलंय की सासूबाईंनी लावल्यापासून ते कधी उकरलं नाही. सोनटक्क्याचा कंद जमिनीखाली आडवा सरकत जातो. ज्या तुकड्यावर एकदा दांडा येऊन गेला तिथे गोल वण राहतो, आणि पुढची फूट त्याच्या पुढच्या नव्या तुकड्यावर येते. त्यामुळे वर्षानुवर्षं बेट बाहेरच्या बाजूला पसरतं आणि मधे नुसत्या जुन्या, वणांनी भरलेल्या कंदांचा खच पडतो. कंद एकमेकांवर चढतात, मातीच्या वर येतात, दांड्याला बुडाशी पकड राहत नाही. उंच झाड, वर भरलेलं कणीस, त्यावर पाऊस, आणि खाली पकड नाही. मग आडवं होणार नाही तर काय होईल?

तीन-चार वर्षांतून एकदा, वैशाख संपता संपता, मृगाच्या आधी हे काम करायचं. एका वर्षी पूर्ण बेट फोडायची छाती होत नसेल तर अर्धं फोडा, अर्धं पुढच्या वर्षी, म्हणजे गौरीची फुलंही चुकत नाहीत. कडेने कुदळीने उकरून कंदांचा गठ्ठा सबंध उचला, माती झटका, हाताने किंवा कोयत्याने तोडा. दोन-तीन टपोरे डोळे असलेले बाहेरचे, टणक, ताजे तुकडे ठेवायचे. मधले जुने, पोकळ, मऊ टाकून द्यायचे. खड्ड्यात शेणखत आणि ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून, डोळे वर करून, दोन-तीन इंच खोल आणि दीड-दोन फूट अंतरावर लावा. जास्त खोल गेले तर कुजतात. तुकड्याला हिरवा दांडा असेल तर तो हातभर ठेवून वरून कापा. वर मी शेंडा कापू नका म्हटलं, आणि इथे कापायला सांगतोय, कारण इथे त्या दांड्याच्या फुलाची अपेक्षाच नाही. उपटलेली मुळं एवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत, म्हणून पानं कमी करायची. हा अपवाद लावणीपुरताच.

दुसरा अपवाद किडीचा. गाभ्याचं पान एकटंच पिवळं पडून सुकलं, दांड्याला बारीक भोक आणि भोकाशी ओलसर भुसा दिसला, तर तो खोडकिडा. आल्यावर, हळदीवर पडतो तोच. असा दांडा हिरवा असला तरी जमिनीलगत कापा, उभा चिरून आतली अळी शोधा आणि मारा. नुसता कापून कोपऱ्यात टाकला तर अळी कोष करून पतंग होऊन परत येणारच. बुडाशी दांडा पाणचट, मऊ झाला, ओढला की हातात आला आणि कंदाला घाण वास येत असेल तर ती कंदकूज आहे. तिथे छाटणीने भागत नाही, तेवढा भाग मातीसकट काढून पाण्याचा निचरा बघावा लागतो. सोनटक्क्याला ओल आवडते म्हणून तो मोरीकडेला, आडाच्या काठाला लावायची आपली पद्धत आहे, आणि ती चांगलीच आहे, पण वाहून जाणारी ओल वेगळी आणि तुंबलेलं डबकं वेगळं.

गौरीला फुलं हवीत, तर हिशेब मागून मांडा. धुमारा वर आल्यापासून कणीस यायला साधारण तीन-चार महिने लागतात. गणपती-गौरी ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतात. म्हणजे मेच्या मध्यापर्यंत धुमारे जमिनीवर हवेत, आणि त्यासाठी चैत्रातच जुनं साफ करून, खत घालून, पालापाचोळ्याचं आच्छादन पसरून पाणी सुरू करायला हवं. पहिल्या पावसाची वाट बघत बसलं तर बहर आश्विनावर जातो. देवीला चालतो, गौरीला नाही. फुलं घेताना कणीसच तोडू नका, संध्याकाळी फुगलेल्या कळ्या खुडून पाण्यात ठेवा, घरात उमलतात. अख्खा दांडा फुलदाणीत हवा असेल तर एक-दोन फुलं उमलल्यावर कापा. घट्ट हिरवं कणीस पाण्यात ठेवलं तर बऱ्याचदा तसंच राहतं.

बागेतल्या इतर उंच फुलझाडांचंही विचारलं आहे म्हणून थोडक्यात. हेलिकोनियाला सोनटक्क्याचाच नियम. कर्दळीला जवळपास तोच, फक्त तिच्या एका दांड्यावर पहिला तुरा संपल्यावर खालच्या बाजूने दुसरा येतो, म्हणून आधी वाळलेला तुराच तेवढा काढा आणि बाजूचाही संपला की दांडा बुडातून. निशिगंधाची फुलदांडी बुडातून काढतात, पानं ठेवतात. जास्वंद, तगर खुशाल छाटा. अनोळखी झाड असेल तर एवढंच बघा की फूल दांड्याच्या टोकाला येतंय की पानांच्या बेचक्यांत, आणि जमिनीच्या वर फुटणारे डोळे आहेत की नाहीत. त्यावरून कात्री कुठे लावायची ते ठरतं.

परदेशात राहणाऱ्या ज्यांच्या अंगणात सोनटक्का आहे त्यांच्यासाठी: हिमतुषार पडणाऱ्या भागात वरचे दांडे तुषाराने काळे पडल्यावरच कापा, आधी नाही, आणि कंदावर पेंढ्याचा जाड थर द्या. कडाक्याच्या थंडीत कंद कुंडीसकट आत घ्यावे लागतात. क्यूबाने तर या फुलाला राष्ट्रीय फूल केलं आहे, पण हवाई, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेत हेच झाड ओढ्यांच्या काठी माजून उपद्रवी ठरलं आहे. तेव्हा तिथे लावण्याआधी स्थानिक नियम बघून घ्या.

आपल्याकडेही बेट फोडल्यावर नको असलेले कंद नाल्यात फेकू नका. तुकडा वाहत जातो आणि अडकेल तिथे रुजतो. उन्हात पसरून खडखडीत वाळवा आणि मग कचऱ्यात टाका. निरोगी दांडे आणि पानं मात्र फुकट घालवू नका. वीतवीत तुकडे करून त्याच बेटाच्या बुडाशी पसरा, कोंबांपासून चार बोटं दूर. मऊ असतात, दोन पावसांत मातीत मिसळून जातात. माळीदादांना सांगा, मेंदीचं कुंपण हवं तसं कापा, पण सोनटक्क्याच्या बाजूला यायचं ते दिवाळीनंतर, आणि तेव्हा मशीन नाही, विळा घेऊन.